तिकिटावरचे सहा तास आणि विमानातले साडेसोळा

प्रश्न : आमचा मुलगा न्यू यॉर्कजवळ राहतो. येत्या जानेवारीत आम्ही दोघे प्रथमच मुंबईहून थेट विमानाने त्याच्याकडे जाणार आहोत. तिकिटावर निघण्याची वेळ रात्री १.३० आणि पोहोचण्याची वेळ त्याच तारखेला सकाळी ७.३० अशी छापली आहे. परतीच्या तिकिटावर मात्र दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १ वाजता पोहोचणे आहे. जायला सहा तास आणि यायला पंचवीस, हे कसे? शिवाय विमान रशियाकडून जाते असे ऐकले. एवढा वळसा कशासाठी? – एक वाचक भगिनी, सातारा

उत्तर : तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, त्यामुळे दोन वेळांची नुसती वजाबाकी करून प्रवासाचे तास मिळत नाहीत. जानेवारीत न्यू यॉर्कचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. म्हणून जाताना सहा तासांत साडेदहा मिळवावेत आणि येताना पंचविसांतून साडेदहा वजा करावेत. जाण्याचे साडेसोळा तास होतात, येण्याचे साडेचौदा. (मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे केलेली असतात, त्या काळात हा फरक साडेनऊ तासांचा धरावा.)

वळशाबद्दल म्हणाल, तर घरात पृथ्वीचा गोल असल्यास त्यावर मुंबईपासून न्यू यॉर्कपर्यंत एक दोरा ताणून धरा. दोरा अरबस्तानाकडे न जाता पाकिस्तान, अफगाणिस्तान, मॉस्कोचा परिसर, नॉर्वे, आइसलँड आणि ग्रीनलँडचे दक्षिण टोक असा जाईल, आणि ते अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर भरेल. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून जाते. ती दिसायला जवळची असली, तरी त्या वाटेने सुमारे १४,२०० किलोमीटर पडतात. सपाट कागदावर उत्तरेकडचे प्रदेश ताणले जातात, त्यामुळे खरी जवळची वाट आपल्याला वळशाची वाटते. प्रत्यक्षात विमान अगदी दोऱ्यावरून जाईलच असे मात्र नाही, कारण २०२२ पासून रशियाने अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानकंपन्यांना आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानकंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. अशा वेळी खरोखरच वळसा पडतो आणि वेळ वाढतो.

अंतर तेच असूनही येताना दोन तास कमी लागतात, ते मुख्यतः वाऱ्यामुळे. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे, ज्यांना जेट प्रवाह म्हणतात, हिवाळ्यात अधिक बळावतात आणि कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही वर जातात. ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास वेग असलेल्या विमानाला जाताना हा वारा समोरून अडवतो आणि येताना पाठीमागून ढकलतो. तिकिटावरच्या कालावधीत धावपट्टीपर्यंत सरकण्याचा वेळही धरलेला असतो.

आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो. जाताना विमान सूर्याच्या पुढे पळत असल्यामुळे जवळजवळ सारा प्रवास अंधारातच होईल, त्यामुळे खिडकीकडे पाहून वेळेचा अंदाज बांधू नका. आपल्या औषधांच्या वेळा कोणत्या घड्याळाप्रमाणे पाळायच्या, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, आणि मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू द्या. तुम्ही पोहोचाल तेव्हा साताऱ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतील; घरच्यांना फोनची वाट त्यानंतरच पाहायला सांगा.