ब्रिटनमधल्या वाफेच्या इंजिनांचे १९६० च्या दशकातले फोटो: तारीख आणि जागा कशी ओळखायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मामांच्या पेटीत ब्रिटनमधल्या वाफेच्या इंजिनांचे साठेक कृष्णधवल फोटो, काही निगेटिव्ह आणि थोड्या रंगीत स्लाइड सापडल्या. मागे काहीच लिहिलेलं नाही. मामा १९६३ ते १९६९ तिकडे होते. एका इंजिनावर इंग्रजीत चक्क 'कोल्हापूर' लिहिलंय. हे खरं आहे का, फोटो कधीचे ते कसं ठरवायचं, आणि स्कॅन करताना काय जपायचं?

आधी कोल्हापूरचं सांगतो. ते अगदी खरं आहे. एलएमएस या रेल्वे कंपनीच्या 'जुबिली' वर्गात १९१ इंजिनं होती आणि त्यातल्या बऱ्याच इंजिनांना साम्राज्यातल्या प्रांतांची आणि संस्थानांची नावं दिली होती. ४५५७६ बॉम्बे, ४५५८७ बडोदा, ४५५८९ ग्वाल्हेर, ४५५९२ इंदूर आणि लगेच पुढचं ४५५९३ कोल्हापूर. मराठी संस्थानं एका यादीत अशी जवळजवळ उभी असलेली दुसरीकडे क्वचितच सापडतील. कोल्हापूर १९३४ साली ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कारखान्यात बांधलं गेलं आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये लीड्सच्या होलबेक शेडमधून (शेड म्हणजे इंजिनं ठेवायची जागा) सेवेतून काढलं गेलं. ते भंगारात गेलं नाही. बर्मिंगहॅमजवळ टायस्लीला ते जतन केलेलं आहे. म्हणून तुमच्या फोटोत इंजिन चकाचक आणि लालसर रंगाचं असून त्यावर चार आकडी ५५९३ हा नंबर असेल, तर तो मामांच्या काळातला कामावरचा फोटो नव्हे, जतन केल्यानंतरचा. काजळीने माखलेलं असेल आणि कॅबवर, म्हणजे ड्रायव्हरच्या केबिनवर, पाच आकडे असतील, तर पुढे वाचा.

फोटोला एकदम तारीख मिळत नाही. चिमटा लावावा लागतो: 'याच्या आधीचा असूच शकत नाही' आणि 'याच्या नंतरचा असूच शकत नाही'. प्रत्येक खूण त्या चिमट्याचं एक टोक देते.

पहिलं टोक टेंडरवर, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यावर. ब्रिटिश रेल्वेचं पहिलं चिन्ह म्हणजे चाकावर उभा सिंह, तिकडचे रसिक त्याला 'सायकलवाला सिंह' म्हणायचे. १९५६ पासून दुसरं आलं: मुकुटातून वर आलेला सिंह पुढच्या पायात चाक धरून. पण चिन्ह बदलायला इंजिन रंगायला जावं लागे, म्हणून जुना सिंह १९६० नंतरही काही टेंडरांवर दिसतो. नवं चिन्ह दिसलं तर '१९५६ नंतर' हे नक्की. जुनं दिसलं म्हणजे '१९५६ पूर्वी' असं मात्र म्हणता येत नाही. ही चूक फार जण करतात. आणि टेंडर एका इंजिनाचं काढून दुसऱ्याला लावत असत, हेही लक्षात असू द्या.

दुसरी खूण बॉयलरवर आणि टेंडरच्या मागच्या बाजूला: लाल विजेच्या बाणाच्या छोट्या पांढऱ्या पाट्या. वरून विजेची तार जाते, वर चढू नका, असा तो इशारा. त्या १९६० च्या सुमारास लागायला लागल्या.

तिसरी खूण माझी सगळ्यात आवडती, कारण ती तारखेला घट्ट बांधलेली आहे: कॅबच्या बाजूवर, नंबरावरून तिरका गेलेला पिवळा पट्टा. १ सप्टेंबर १९६४ पासून क्रू या जंक्शनच्या दक्षिणेला २५ हजार व्होल्टच्या तारांखाली काही वर्गांच्या इंजिनांना बंदी झाली आणि ज्यांना बंदी त्यांच्या कॅबवर हा पट्टा ओढला. जुबिलीही त्या यादीत होती. कृष्णधवल फोटोत पिवळा रंग फिकट करडा दिसतो आणि काजळीत बुडतो, म्हणून भिंगातून बघा. पट्टा दिसला की चिमट्याचं एक टोक बसलं: सप्टेंबर १९६४ नंतर.

आता दुसरं टोक. वाफ एका दिवसात संपली नाही, विभागवार संपत गेली. लंडनच्या किंग्ज क्रॉसहून जून १९६३ मध्ये गेली. पश्चिम विभागातून १९६५ अखेर. वाइट बेटावरून १९६६ अखेर. दक्षिण विभागातून, म्हणजे वॉटरलू ते बोर्नमथ मार्गावरून, ९ जुलै १९६७ ला. स्कॉटलंड आणि ईशान्य विभागही त्याच वर्षी संपले. शेवटी उरला वायव्य इंग्लंड. लॉस्टॉक हॉल, रोझ ग्रोव्ह आणि कार्नफर्थ ही शेवटची तीन शेडं ऑगस्ट १९६८ पर्यंत. ३ ऑगस्टच्या रात्री प्रेस्टनहून ४५२१२ ब्लॅकपूलला आणि ४५३१८ लिव्हरपूलला गेलं, आणि वेळापत्रकातल्या नेहमीच्या वाफेच्या पॅसेंजर गाड्या संपल्या. ११ ऑगस्टला निरोपाची खास गाडी धावली, तिचं तिकीट १५ गिनी. इंजिनाच्या पुढे '१टी५७' ही पाटी आणि ४५११०, ७००१३, ४४८७१ किंवा ४४७८१ यांपैकी नंबर असेल, तर तारीख शोधायची गरज नाही, ती हीच.

त्यानंतर मुख्य मार्गांवर वाफेला बंदी आली. फ्लाइंग स्कॉट्समन तेवढं खास करारामुळे १९६९ पर्यंत धावत राहिलं. शिवाय कोळसा खाणींच्या खासगी रुळांवर वाफ पुढे बरीच वर्षं चालली, आणि लंडनच्या भुयारी रेल्वेची देखभालीची छोटी इंजिनं जून १९७१ पर्यंत. म्हणून '१९६९ मधला आहे, म्हणजे चुकीचा' असं लगेच म्हणू नका. आधी रूळ कोणाचे ते बघा.

नंबर वाचायला तीन जागा आहेत: स्मोकबॉक्सच्या (इंजिनाच्या तोंडाकडच्या गोल भागाच्या) दारावरची ओतीव पाटी, कॅबच्या दोन्ही बाजू आणि पुढचा बफर बीम (बफर बसवलेली आडवी पट्टी). शेवटच्या दोन वर्षांत दारावरच्या पाट्या संग्राहकांनी काढून नेल्या होत्या. त्या जागी रंगाने किंवा खडूने लिहिलेला नंबर दिसला, तर फोटो बहुधा १९६६ ते १९६८ मधला. नावाच्या पाट्याही तेव्हा बऱ्याच काढल्या गेल्या, म्हणून पाटीसकट 'कोल्हापूर' थोडं आधीचं असण्याची शक्यता जास्त. पुरावा मात्र नाही. आकड्यांवरून मूळ कंपनी कळते. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणानंतर सदर्नच्या नंबरांत ३०,०००, एलएमएसच्या ४०,००० आणि एलएनईआरच्या ६०,००० मिळवले. ग्रेट वेस्टर्नचे चार आकडी नंबर तसेच ठेवले. ७०,००० च्या पुढची नवी 'स्टँडर्ड' इंजिनं, ९०,००० च्या आसपासची युद्धकाळातली मालगाड्यांची. आकडा अर्धवट असेल तर चाकं मोजा: ४-६-० (पुढे चार छोटी, मग सहा मोठी, मागे एकही नाही) असेल आणि नंबर ४५ ने सुरू होत असेल, तर बहुधा जुबिली किंवा 'ब्लॅक फाइव्ह' हा एलएमएसचाच दुसरा वर्ग. जुबिलीच्या मधल्या मोठ्या चाकावरच्या कमानीवर नावाची पाटी बसवलेली असते. शेवटच्या काळातलं ब्लॅक फाइव्ह जवळजवळ नेहमी बिननावाचं.

स्मोकबॉक्सच्या दाराच्या खालच्या भागात छोटी लंबगोल पाटी असते, तिच्यावर शेडचा कोड. इथे सापळा आहे: कोड पुन्हा वापरले गेले. १०ए म्हणजे १९५८ पर्यंत विगनचं स्प्रिंग्ज ब्रँच, आणि १९६३ पासून कार्नफर्थ. मामा १९६३ मध्ये गेले, म्हणून तुम्ही सुटलात. पण विकत घेतलेले जुने फोटो त्यात मिसळले असतील तर घोटाळा होईल. शिवाय शेडचा कोड इंजिनाचं घर सांगतो, फोटोची जागा नाही.

इंजिनापेक्षा मागची मोटारगाडी कधीकधी जास्त बोलते. नंबर प्लेटच्या शेवटच्या अक्षरावरून वर्ष निघतं: बी १९६४, सी १९६५, डी १९६६, ई जानेवारी ते जुलै १९६७, एफ ऑगस्ट १९६७ ते जुलै १९६८. निळे-राखाडी डबे किंवा दोन बाणांचं नवं चिन्ह दिसलं तर १९६५ नंतर. शेजारच्या डिझेल इंजिनाच्या नंबराआधी 'डी' असेल, तर वाफ अजून चालू असण्याचीच शक्यता जास्त, कारण वाफ संपल्यावर ते 'डी' वगळलं गेलं.

एक उदाहरण जोडून दाखवतो. समजा तुमच्या कोल्हापूरच्या फोटोत पिवळा पट्टा आहे, ५५ए म्हणजे होलबेकची पाटी आहे, दोन दिवे दोन्ही बफरवर आहेत आणि मागे निळा-राखाडी डबा आहे. पट्ट्यामुळे सप्टेंबर १९६४ नंतर, डब्यामुळे १९६५ नंतर, सेवेतून काढल्यामुळे ऑक्टोबर १९६७ पूर्वी. दोन्ही बफरवर दिवे म्हणजे जलद प्रवासी गाडी. १९६७ च्या उन्हाळ्यात शनिवारी हीच शेवटची जुबिली इंजिनं लीड्स ते कार्लाइल जादा गाड्या ओढत होती. मागे उघडे, झाडं नसलेले डोंगर आणि दगडी कुंपणं दिसत असतील, तर माझी पैज त्या शनिवारांवर. पैजच, बरं का. मागे पेन्सिलीने लिहाल तेव्हा 'बहुधा' शब्द लिहा.

निगेटिव्ह पट्ट्यांत असतील तर कडेचे फ्रेम नंबर बघून क्रम लावा. एका फ्रेमची तारीख कळली की शेजारच्या पाचांची कळल्यासारखीच. म्हणून पट्ट्या कापू नका.

स्कॅनिंग: ३५ मिमी निगेटिव्ह ४००० डीपीआयला करा, साधारण २१ मेगापिक्सेल येतात. मोठ्या फिल्मला २४०० पुरे. प्रिंट ६०० ला. सगळं १६ बिट टिफ (तपशील न गमावता साठवणारा फाइल प्रकार), कारण काजळीतला नंबर सावलीच्या भागात असतो आणि ८ बिटमध्ये तिथे उचलायला काही उरत नाही. स्कॅनरचं इन्फ्रारेडवर चालणारं धूळ काढण्याचं बटण कृष्णधवल फिल्मला आणि कोडाक्रोमला (कोडॅकची रंगीत स्लाइड फिल्म) बंद ठेवा: कृष्णधवल फिल्ममधल्या चांदीलाच ते धूळ समजतं आणि कोडाक्रोमच्या गडद भागांतही फसतं. १९६१ मध्ये आलेली कोडाक्रोम २ ही २५ एएसएची होती (एएसए म्हणजे फिल्मची प्रकाश टिपण्याची क्षमता). ढगाळ हवेत लेन्स एफ २.८ इतकी उघडली तरी जेमतेम शंभरांश सेकंद मिळे. त्यामुळे धावत्या गाडीची पुसट स्लाइड म्हणजे मामांचा हात हलला असं समजू नका, फिल्मच तेवढी मंद होती.

नंबर स्पष्ट करायला एआयचं मोठं करणारं सॉफ्टवेअर अजिबात वापरू नका. ते ३ चा ८ करून देतं, तोही अगदी ठसठशीत, आणि मग तुम्ही भलत्याच इंजिनाचा इतिहास लिहून बसता. साध्या फोटो सॉफ्टवेअरमधल्या 'कर्व्ह' या उजळपणा बदलण्याच्या साधनाने फक्त सावल्या उचला. मागे पेन्सिलचा पुसट मजकूर नजरेतून सुटल्याची शंका असेल तर टॉर्च आडवा धरून फोटो काढा.

पेटी आपल्या दमट हवेत राहिली असेल तर बुरशी असणार. पाणी लावू नका. बुरशीने जिलेटिन पाण्यात विरघळण्याइतकं सैल केलेलं असतं, ओल्या फडक्याबरोबर चित्रच पुसलं जाईल. आधी कोरडं स्कॅन, मग फुंकणीने धूळ. आणि ज्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास येतो तो आजच बाकीच्यांपासून वेगळा ठेवा आणि त्यातल्या फिल्म सगळ्यात आधी स्कॅन करा. तो ॲसिटेट (फिल्मचा पारदर्शक आधार) सडल्याचा वास आहे आणि शेजारच्या फिल्मलाही ते लागतं.