एसी चालू आहे, पण हवेचं काय?
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न: एसी लावला की पहिली पाच-सात मिनिटे खोलीत न वाळलेल्या मोज्यांसारखा कुबट वास येतो. सर्व्हिस दीड महिन्यापूर्वीच झाली आहे. मेकॅनिक म्हणतो, सुगंधी स्प्रे मारून देतो. मारू द्यावा का?
– कासारवडवली, ठाणे

उत्तर: मुळीच नको. वास झाकला जाईल, बुरशी तिथेच राहील आणि रोज रात्री स्प्रेसकट ती तुमच्या श्वासात जाईल.

कूलिंग चालू असताना इनडोअर युनिटमधली कॉइल, म्हणजे हवा थंड करणारी नळ्यांची जाळी, बरीच थंड असते. पावसाळी दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज गाळतो. एसी बंद केला की कॉइल, तिच्याखालचा ट्रे आणि हवा बाहेर ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, ओलेच राहतात. धूळ अडवणाऱ्या जाळीतून (फिल्टरमधून) निसटलेली बारीक धूळ आणि अंगावरचा कोंडा त्यांच्यावर आधीच बसलेला असतो. ओलीला धूळ मिळाली की बुरशी धरायला वेळ लागत नाही. पुढच्या वेळी पंखा फिरला की साचलेला वास एकदम बाहेर पडतो.

खात्री करायची तर मेन स्विच बंद करा, हवा बाहेर पडते तिथल्या पट्ट्या हलक्या हाताने उघडा आणि आत टॉर्च मारा. बारीक वाकड्या पात्यांचा एक लांब आडवा रोळ दिसेल, तो ब्लोअर. ओला इअरबड एका पातीवरून फिरवा. काळा चिकट थर निघाला, तर तुमची सर्व्हिस जाळी धुण्यावरच थांबली होती असे समजा.

पुढच्या वेळी जेट पंपाची ओली सर्व्हिस मागा आणि ती होईपर्यंत समोर थांबा. आधी मेन स्विच बंद. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटची पाटी) आणि वायरिंगवर प्लास्टिक. युनिटखाली पाणी झेलणारी पिशवी, तिचे तोंड बादलीत. कॉइलवर पाणी वरून खाली आणि सरळ मारायचे. तिरके मारले तर ॲल्युमिनियमच्या पातळ पंख्या दुमडतात आणि तेवढ्या भागातून हवा जायची थांबते. ब्लोअर आणि ट्रे या दोन्ही गोष्टी धुतल्याच पाहिजेत. थर जाड असेल तर ब्लोअर बाहेर काढून धुवावा लागतो. त्याचे थोडे जास्त पैसे पडतील, ते द्या. बादलीत पहिल्यांदा काळे पाणी येते. ते स्वच्छ येईपर्यंत काम संपलेले नसते. ॲसिड, कॉस्टिक किंवा ब्लीच वापरू देऊ नका. पंख्या खाल्ल्या जातात, आणि ॲसिड व ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन वायू सुटतो.

अशी सर्व्हिस वर्षातून दोनदा करावी: फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये. जाळी मात्र घरच्या माणसाने धुवायची. एरवी दोन आठवड्यांतून एकदा पुरते, पण घोडबंदर रोडलगत मेट्रोची आणि इमारतींची कामे चालू असतील तिथे दर आठवड्याला. कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. जाळी सावलीत वाळवा, उन्हात फ्रेम वाकते. ओली जाळी परत बसवू नका.

रोजची सवय याहून महत्त्वाची. सकाळी एसी बंद करण्याआधी तो २० ते ३० मिनिटे फक्त फॅन मोडवर चालवा आणि खिडकी थोडी उघडा. एसीत ऑटो क्लीनची सोय असेल तर रिमोटने बंद केल्यावरही पंखा काही वेळ फिरत राहतो. तो आत वाळवत असतो. अनेक घरांत त्याच क्षणी भिंतीवरचे बटण बंद केले जाते आणि आतली ओल तशीच राहते. ते बटण नंतर बंद करा.

प्रश्न: जुलैत इनडोअर युनिटमधून पाणी गळू लागले. मेकॅनिकने ड्रेन पाइप बाथरूममध्ये नेऊन जोडून दिला. गळती थांबली, पण आता अधूनमधून बेडरूममध्ये गटाराचा वास येतो.
– ऐरोली, नवी मुंबई

उत्तर: पाइप बहुधा नहाणी ट्रॅपच्या (बाथरूमच्या जमिनीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याच्या) पुढे, थेट सांडपाण्याच्या पाइपात घुसवला आहे. ट्रॅपमध्ये अडकून राहणारे सुमारे ५० मिलिमीटर पाणी गटाराची हवा वर येऊ देत नाही. ते टाळून जोडणी केली की एसीचा ब्लोअर ट्रेजवळची हवा ओढतो आणि तिच्याबरोबर गटाराची हवाही खोलीत येते. बारीक माश्यासुद्धा याच वाटेने येतात.

पाइपाचे टोक ट्रॅपच्या जाळीच्या दोन-तीन इंच वर मोकळे ठेवून घ्या, म्हणजे पाणी दिसेल असे थेंबाथेंबाने पडेल. टोक पाण्यात बुडवून ठेवू नका. बाथरूम वापरात नसेल तर ट्रॅपमधले पाणी सुकते. आठवड्याला एक मग पाणी ओता.

मुळातली गळती बहुधा पाइपात साचलेल्या बुळबुळीत शेवाळामुळे होती. पाइप साफ करताना बाहेरच्या टोकाला पाणी ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर लावून घाण बाहेर खेचावी. फुंकर मारली की तीच घाण ट्रेमध्ये परत जाते. नंतर ट्रेमध्ये अर्धा लिटर पाणी हळूहळू ओता. बाहेर लगेच धार लागली पाहिजे. थांबून थांबून येत असेल तर पाइपाला कुठेतरी झोळ आहे. मीटरला किमान एक सेंटिमीटर सलग उतार हवा.

प्रश्न: दोन मोठी माणसे आणि दोन मुले एकाच बेडरूममध्ये दारे-खिडक्या लावून झोपतो. सकाळी सगळ्यांचे डोके जड असते. एसीला पीएम २.५ फिल्टर आहे, मग हवा शुद्ध होत नाही का?
– नेरूळ

उत्तर: घरगुती स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा तो थंड करून परत सोडतो. झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १० ते १२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बाहेरच्या हवेत त्याचे प्रमाण सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असते. तुमच्यासारख्या घट्ट बंद खोलीत ते तासाभरात १००० च्या वर जाते. हवा पुरेशी बदलत नाही, याची ती खूण. कोणताही फिल्टर हा वायू अडवत नाही.

झोपण्याआधी समोरासमोरच्या खिडक्या १० ते १५ मिनिटे उघडा. रात्री बेडरूमचे दार चार बोटे उघडे आणि हॉलची एक खिडकी किलकिली ठेवा. बिल थोडे वाढेल, ते वाढू द्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे. चारजणांनी रात्रभर एकमेकांचा उच्छ्वास घेण्यापेक्षा ते परवडते.

जाळीवर चिकटवायचा पातळ फिल्टर धूळ थोडी कमी करतो, पण सूक्ष्म कणांसाठी त्यावर विसंबू नका. जाड कापड किंवा फिल्टरचे दोन थर तर लावूच नका. हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो. धुळीसाठी सूक्ष्म कण अडवणारा वेगळा हेपा प्युरिफायर घ्या. १२ बाय १० फुटांच्या, साडेनऊ फूट उंचीच्या खोलीत सुमारे ३२ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची तर प्युरिफायरचा सीएडीआर (तो किती स्वच्छ हवा देतो तो आकडा) १६० घनमीटर प्रतितास हवा. बंद खोलीत अगरबत्ती आणि डासांची कॉइल बंद करा.

एक प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगतो. बेडरूमला जोडलेल्या बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो आजच बंद करा आणि हवेशीर जागी, बाथरूमच्या बाहेर हलवून घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि डोके जड होणे हे त्याचेही लक्षण आहे.

प्रश्न: मुलीला दम्याचा त्रास आहे. एसी किती अंशांवर ठेवावा?
– कळवा

उत्तर: २४ ते २६. १ जानेवारी २०२० पासून भारतात नव्या स्टार रेटिंगच्या एसींना २४ अंश हे सुरुवातीचे तापमान बंधनकारक आहे. आकड्याइतकीच आर्द्रता महत्त्वाची. साधा आर्द्रतामापक घ्या आणि ती ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा. त्याखाली धुळीतले माइट्स (डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव) तग धरत नाहीत. पावसाळ्यात हवेतली ओल काढणारा ड्राय मोड उपयोगी पडतो. शंभर चौरस फुटांच्या खोलीत दीड टनाचा साधा (इन्व्हर्टर नसलेला) एसी असेल तर तो चटकन थंड करून थांबतो, हवेतली ओल मात्र तशीच राहते. गार झोत मुलीच्या अंगावर थेट येऊ देऊ नका. चादरी-उशांचे अभ्रे दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवा. औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न: दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो. मेकॅनिक म्हणतो, गॅस संपतोच.
– कोपरखैरणे

उत्तर: गॅस संपत नाही, गळतो. खाडीच्या चिखलातून आणि नाल्यांतून सुटणारा हायड्रोजन सल्फाइड तांब्याला खातो, त्यात खारी हवा. बाहेर काळवंडलेले तांबे दिसते का बघा. नायट्रोजन भरून प्रेशर तपासा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावा, गळती बंद करा, व्हॅक्यूम पंप लावा आणि मगच वजन करून गॅस भरा. कमी गॅसवर कॉइलवर बर्फ धरतो, तो वितळताना ट्रे भरून वाहतो आणि ओल वाढते. नव्या एसींत बहुधा आर-३२ हा गॅस असतो. तो हलका ज्वलनशील आहे, म्हणून खिडक्या उघडल्याशिवाय आत ज्योतीने सांधा जोडू देऊ नका.

प्रश्न: आउटडोअर युनिटमागे कबुतरांनी घरटे केले आहे. खोलीत पिसे आणि पांढरी पूड येते.
– पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: पूड आत येते ती तांब्याच्या पाइपासाठी भिंतीत पाडलेल्या भोकातून. पाइपाभोवतीचा सिमेंटचा लेप सुकून सुटला की फट राहते. ती पीयू फोमने किंवा एसीच्या पुट्टीने आतून-बाहेरून बुजवा. विष्ठेची पूड दीर्घकाळ श्वासात जात राहिली तर हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीने फुप्फुसांना येणारी सूज, होऊ शकते. त्यात फुप्फुसांवर कायमचे व्रण पडू शकतात, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

कोरड्या झाडूने झाडू नका. साबणाचे पाणी फवारून १० मिनिटे भिजू द्या, मग एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून ओले गोळा करा आणि दुहेरी पिशवीत बांधा. युनिट खिडकीबाहेरच्या ब्रॅकेटवर असेल तर स्वतः बाहेर वाकू नका, सुरक्षा पट्टा वापरणारा माणूस बोलवा. घरट्यात अंडी-पिल्ले असतील तर ती उडून गेल्यावर जाळी लावा. जाळी युनिटला गुंडाळू नका, पूर्ण जागेला ताणून लावा. पंख्यासमोर दोन-अडीच फूट मोकळे हवेत. खोकला काही आठवड्यांनंतरही गेला नसेल, तर डॉक्टरांना कबुतरांचे आवर्जून सांगा.