पुरवणी मागण्या : मागतं कोण आणि जाब कोणी द्यायचा?

एका वाचकाचा प्रश्न आहे. 'अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी पुरवणी मागण्या सादर. विरोधकांनी मंत्र्यांना धारेवर धरले' अशी बातमी त्यांनी वाचली आणि मागण्या अर्थातच विरोधकांच्या असणार, असं धरून चालले. चार दिवसांनी 'पुरवणी मागण्या बहुमताने मंजूर' हे वाचलं, तेव्हा गोंधळ उडाला. विरोधकांच्या मागण्या सत्ताधाऱ्यांनी बहुमताने मंजूर कशा केल्या? मग मागणी नेमकी कोणाची? आणि ही 'पुरवणी' म्हणजे वर्तमानपत्राबरोबर येते तीच का?

मागणी सरकारची. ती सरकार सभागृहाकडे करतं. विरोधकांनी मंत्र्यांना जे विचारलं ते त्या मागणीबद्दल होतं. उत्तर एवढंच आहे, पण गोंधळ उडाला त्याला कारण आहे, आणि ते कारण मला फार मोलाचं वाटतं.

रोजच्या मराठीत 'मागणी' कोण करतं ते पाहा. कामगारांची मागणी, शेतकऱ्यांची मागणी, विद्यार्थ्यांची मागणी. मागण्यांचं निवेदन, मागण्यांसाठी उपोषण, 'आमच्या मागण्या मान्य करा' ही घोषणा. ज्याच्या हाती सत्ता नाही तो मागतो, ज्याच्या हाती आहे तो देतो किंवा टाळतो. त्यामुळे 'मागण्या' शब्द कानावर पडला की डोळ्यांपुढे मोर्चा उभा राहतो, मंत्री नाही. विधिमंडळाच्या दारातून आत गेलं की हे नातं उलटं होतं. तिथे मागणारं सरकार असतं आणि देणारं सभागृह.

ही शिष्टाचाराची भाषा नाही, कायदा आहे. राज्याचा सगळा महसूल एकत्रित निधीत जमा होतो आणि कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय त्यातला पैसा काढता येत नाही, असं संविधानाचा अनुच्छेद २६६ सांगतो. अनुच्छेद २०३ प्रमाणे खर्चाचे अंदाज विधानसभेपुढे 'अनुदानाच्या मागण्या' म्हणून यावे लागतात. विधानसभा मागणी मान्य करू शकते, नाकारू शकते किंवा रक्कम कमी करून मान्य करू शकते. विधान परिषद चर्चा करते, पण मागण्यांवर मतदान करत नाही. म्हणजे 'मागणी कोणाकडे?' याचं अगदी काटेकोर उत्तर विधानसभेकडे, महाराष्ट्रात त्या २८८ जणांकडे, असं आहे.

'मागणे' हे क्रियापद संस्कृत 'मार्ग्' धातूवरून प्राकृतमार्गे आलं. त्या धातूचा मूळ अर्थ शोधणं. शोधणाऱ्याच्या हाती वस्तू नसते, म्हणून तो दुसऱ्याच्या दारी जातो. शोधण्यापासून मागण्यापर्यंतचा अर्थाचा प्रवास असा सरळ आहे. लग्नाच्या संदर्भात आपण 'मागणी घालणे' म्हणतो. मागणी घालणाऱ्याला नकार ऐकायची तयारी ठेवावी लागते, आणि नकार मिळू शकतो म्हणूनच होकाराला किंमत असते. विधानसभेतली मागणी मला या मागणीच्या जवळची वाटते, मोर्चातल्या मागणीपेक्षा कितीतरी जवळची.

विधानसभेला मागणी कमी करता येते, वाढवता येत नाही. त्यातून 'कपात सूचना' या शब्दाची एक गंमतीची अवस्था झाली आहे. एखाद्या सदस्याला आपल्या मतदारसंघातल्या रुग्णालयाला जास्त पैसे हवे आहेत. 'जास्त द्या' अशी दुरुस्ती त्याला मांडता येत नाही. मग तो त्या खात्याच्या मागणीत कपात सुचवतो आणि त्या निमित्ताने रुग्णालयाचं गाऱ्हाणं मांडतो. लोकसभेच्या नियमांत अशा सूचनांचे तीन प्रकार आहेत. धोरणच अमान्य असेल तर मागणी एक रुपयावर आणावी, उधळपट्टी वाटत असेल तर ठरावीक रक्कम कापावी, आणि विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करावेत. कोट्यवधींच्या मागणीतून शंभर रुपये! या शंभर रुपयांनी तिजोरीत काही फरक पडत नाही, पण मंत्र्याला उठून उत्तर द्यावं लागतं. बातमीत 'विरोधकांची कपात सूचना' वाचून 'हे लोक रुग्णालयाचे पैसे कापायला निघाले' असा अर्थ लावू नये, तो बहुधा बरोबर उलटा असतो.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकांत 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन शब्द भेटतात. ज्या खर्चावर मत दिलं जातं तो दत्तमत. राज्यपालांचं वेतन, उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं वेतन, कर्जावरचं व्याज असा खर्च भारित. त्यावर चर्चा होते, मतदान नाही. भारित खर्चाची मागणी येत नाही. तो निधीवरचा भारच आहे, त्याला परवानगी कसली मागायची?

आता 'पुरवणी'. शब्द तोच, वर्तमानपत्राचाच. उत्तरपत्रिकेला जोडतात तीही पुरवणी. पण या तीन जागी अर्थाची छटा सारखी नाही. 'पुरणे' म्हणजे गरजेइतकं असणं आणि 'पुरवणे' म्हणजे ते पुरेसं करणं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत कमतरतेचा भाव उरलेला नाही, ती वरकड म्हणून येते. उत्तरपत्रिकेची पुरवणी मात्र पानं पुरली नाहीत म्हणूनच लागते, आणि सरकारची पुरवणी मागणी या जातीची आहे. अनुच्छेद २०५ मध्ये तिची कारणं दिली आहेत. वर्षासाठी मंजूर झालेली रक्कम अपुरी पडली, किंवा अर्थसंकल्पाच्या वेळी ध्यानीमनी नसलेली नवी बाब उभी राहिली. पहिलं कारण शब्दाशी तंतोतंत जुळतं. दुसऱ्याच्या बाबतीत शब्द थोडा ताणला जातो, कारण नव्या बाबीत पुरण्या-न पुरण्याचा प्रश्नच नसतो. विरोधकांच्या टीकेचा रोखही अनेकदा इथेच असतो. अवर्षण, पूर, अवकाळी पाऊस यांसाठी वाढीव पैसा लागला तर तो कोणालाही समजतो, पण जी गोष्ट मार्चमध्ये माहीत असायला हवी होती ती जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात पुरवणीत का येते, हा प्रश्न उरतो. हा प्रश्न विचारणारा सदस्य नकळत 'पुरवणी' शब्दाचा मूळ अर्थच राखत असतो.

मंजुरीपेक्षा जास्त पैसा वर्षात खर्च होऊनच गेला तर काय? त्याची वेगळी मागणी नंतर येते, लोकलेखा समितीने, म्हणजे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या सदस्यांच्या समितीने, तो जास्तीचा खर्च तपासल्यावर. संसदेतल्या लोकलेखा समितीचं अध्यक्षपद १९६७ पासून प्रथेने विरोधी पक्षाकडे असतं आणि मंत्र्याला त्या समितीचा सदस्य होता येत नाही. मागणाऱ्यानेच हिशेब तपासू नये, इतकी साधी गोष्ट आहे ती.

'अनुदान' या शब्दाचाही इथे खुलासा करायला हवा, कारण गोंधळात त्याचा वाटा आहे. ठिबक सिंचनाचं अनुदान, शाळांचं अनुदान, हे आपल्या परिचयाचं. त्यात देणारं सरकार असतं. 'अनुदानाच्या मागण्या' या शब्दप्रयोगात मात्र अनुदान घेणारं सरकार आहे. एकाच शब्दात सरकार कधी दाता तर कधी याचक. शेतकऱ्याच्या हाती पडणारं अनुदान आधी कुठल्या तरी मागणीत सभागृहाकडे मागितलेलं असतं, ही साखळी शब्दातच दडलेली आहे, फक्त आपण तिकडे पाहत नाही.

'मंजूर' हा शब्द तर मला या सगळ्यात सर्वांत आवडतो. तो अरबीतून फारसीच्या वाटेने आला आणि 'नजर' या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. मूळ अर्थ पाहिलेलं, नजरेखालून गेलेलं. त्यावरून पसंत पडलेलं, मान्य झालेलं. मागणी मंजूर होते म्हणजे ती कोणाच्या तरी नजरेखालून जाते. वेळ संपल्यामुळे चर्चेविना राहिलेल्या मागण्या शेवटच्या दिवशी एकगठ्ठा मताला टाकतात आणि आवाजी मतदानाने काही मिनिटांत त्या 'मंजूर' होतात. तिथे शब्द उरतो, नजर उरत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता बातमीच्या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे येतो. 'धारेवर धरले' हे मथळ्यांचं फार लाडकं क्रियापद. त्यात आवेश आहे, पण मंत्र्याला काय विचारलं आणि त्याने काय सांगितलं, यातलं काहीच त्यातून कळत नाही. आपल्याकडे याहून नेमका प्रयोग आहे, 'जाब विचारणे'. 'जाब' म्हणजे 'जबाब', उत्तर. पोलीस नोंदवतात तो जबाब आणि मंत्र्याला विचारतात तो जाब, मूळ शब्द एकच. आणि 'जबाबदार' म्हणजे जबाब ज्याच्याकडे आहे तो, उत्तराचा धनी. मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार असतं, असं आपण पाठ म्हणून जातो. त्यातला 'जबाब' वेगळा काढून पाहिला की वाक्याला एकदम वजन येतं. पैसा मागायचा असेल तर उत्तर द्यायचं. मागणी आणि जाब या दोन शब्दांचं असं आतून लागेबांधे असलेलं नातं आहे.

जाब विचारायची विधिमंडळाची स्वतःची एक भाषाही आहे. महाराष्ट्र विधानमंडळातल्या तारांकित (ज्यांवर सभागृहात उपप्रश्न विचारता येतात) आणि अतारांकित (ज्यांना फक्त लेखी उत्तर मिळतं) प्रश्नांच्या याद्या मी शब्दांच्या ओढीने तासन्‌तास वाचल्या आहेत. सुरुवात ठरलेली असते : सन्माननीय मंत्री 'पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय'. मग क्रमाने, अमुक कामात गैरव्यवहार झाल्याचे निदर्शनास आले आहे, 'हे खरे आहे काय'. 'असल्यास' चौकशी केली आहे काय. 'नसल्यास' विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरंही ठरलेली. 'होय, हे खरे आहे.' 'हे खरे नाही.' 'हे अंशतः खरे आहे.' आणि शेवटी, 'प्रश्न उद्भवत नाही.' वरवर रुक्ष वाटणाऱ्या या साच्याचा मला मोठा आदर आहे, कारण त्यात विशेषणांना जागा नाही. 'हे खरे आहे काय' ला होय, नाही किंवा अंशतः यांपैकी काहीतरी लेखी द्यावंच लागतं, आणि दिलेलं उत्तर कायमचं नोंदलं जातं. 'अंशतः' आलं की जाणत्या सदस्याचे कान टवकारतात. मग कोणता अंश खरा, हे तारांकित प्रश्नावर उभं राहून उपप्रश्नात विचारायचं. खुलासा हाही अरबी शब्द. मुळात त्याचा अर्थ सार, अर्क. मराठीत तो स्पष्टीकरण झाला. मंत्र्यांच्या लांबलेल्या उत्तरातून सदस्याला जे हवं असतं ते बऱ्याचदा मूळ अर्थाचा खुलासाच असतं.

हे दोन्ही हक्क, जाब विचारण्याचा आणि मागणी नाकारण्याचा, आपल्याला एकदम मिळाले नाहीत, आणि कोणत्या क्रमाने मिळाले ते पाहण्यासारखं आहे. १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळातल्या सदस्यांना प्रश्न विचारायची आणि अंदाजपत्रकावर बोलायची मुभा दिली. उपप्रश्न नाही, मतदान नाही. १९०९ च्या सुधारणांत मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्न विचारता येऊ लागला. मतदान आलं १९१९ च्या कायद्याने, तेही ठरावीक बाबींपुरतं. गोपाळ कृष्ण गोखले मध्यवर्ती कायदेमंडळात २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा सरकार तिजोरीतली शिल्लक अभिमानाने दाखवत होतं. दुष्काळाने पोळलेल्या लोकांकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला म्हणून ही शिल्लक उरली, असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं. मिठावरचा कर कमी करा, असाही त्यांचा आग्रह होता. तो कर १९०३ मध्ये कमी झाला, पण करायचा की नाही हे सर्वस्वी सरकारच्या मनावर होतं. गोखल्यांना जाब विचारता येत होता, पण सरकारला त्यांच्याकडे काही मागावं लागत नव्हतं. आजच्या 'मागणी' या शब्दात त्यानंतरची सगळी वाटचाल आहे.

म्हणून 'मागणी' हा शब्द लोकांचा गोंधळ उडवतो, तो बदलून 'प्रस्ताव' करा, अशी सूचना कोणी केली तर मी विरोध करीन. प्रस्ताव कोणीही कोणापुढेही ठेवतो. त्यात मागणाऱ्याचं खाली झुकणं नाही. 'पुरवणी' ऐवजी 'पूरक' लिहिण्याचीही गरज नाही. 'पूरक' मध्ये शोभेचा, जोडीला असण्याचा भाव शिरतो. 'पुरवणी' मध्ये पैसा पुरला नाही ही कबुली आहे.

लिहिताना एवढं पाळावं. सरकारच्या मागण्या 'मांडल्या' किंवा 'सादर केल्या' जातात आणि सभागृह त्या 'मंजूर' करतं. विरोधकांची मागणी, म्हणजे चौकशीची, राजीनाम्याची, मदतीची, 'केली' जाते आणि सरकार ती 'मान्य' करतं किंवा 'फेटाळतं'. क्रियापदं नीट वापरली तर मागणारा कोण ते आपोआप कळतं. आणि मथळ्यात जागा असेल तर सरळ लिहावं, 'सरकारच्या पुरवणी मागण्या सादर. विरोधकांनी जाब विचारला'.