चेहरे लक्षात न राहणं आणि डिस्लेक्सिया, मेंदूत एकाच जागेची गडबड असते का?

तुम्ही विचारलंय की मुलाला डिस्लेक्सिया (हुशार असूनही वाचायला शिकणं जड जाणं) निघालाय आणि तो सोसायटीतल्या लोकांनाही पटकन ओळखत नाही, तर दोन्हीचं मूळ एकच का. मी डॉक्टर नाही हो, पण आमच्या घरात दोन्ही नमुने आहेत त्यामुळे गेली काही वर्षं हेच वाचत बसलेय.

पहिला नमुना मी. लहानपणापासून चेहरे लक्षात राहत नाहीत. डोळे ठणठणीत आहेत, समोरच्या काकूंचं नाक, डोळे, टिकली सगळं नीट दिसतं पण ते सगळं मिळून "या समोरच्या काकू" असं काही डोक्यात वाजतच नाही. मग केस, चाल, आवाज यावर भागवते. शाळा सुटली की गेटवर सगळी पोरं एकाच युनिफॉर्ममध्ये, मी माझ्या लेकीला निळ्या बॅगेवरून शोधायचे आणि एकदा तिने मैत्रिणीशी बॅग बदलली तर मी त्या मैत्रिणीचाच हात धरून चार पावलं चालले होते! याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात, आणि जन्मापासूनचा हा प्रकार वाटतो तितका दुर्मिळ नाही. ऑलिव्हर सॅक्स हे एवढे मोठे न्यूरॉलॉजिस्ट, त्यांनाही होता. वाचायला मात्र मी एकदम फास्ट.

दुसरा नमुना लेक, आता चौथीत. लग्नाच्या जुन्या अल्बममध्ये विशीतला मामा बरोब्बर ओळखते, पण पाटी वाचायची म्हटलं की घामाघूम. 'घर'चं 'धर', 'भ'चा 'म', आणि पहिल्या वेलांटीने तर छळ मांडलाय. लिहायची आधी, बोलायची नंतर, म्हणून 'दिवस'चं 'दविस' होतं.

आता मेंदूचं. मेंदूच्या तळाशी, मागच्या भागात फ्युजिफॉर्म नावाची एक वळी असते, दोन्ही बाजूंना. 1997 मध्ये नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तिथला एक भाग चेहरा दिसला की जास्त पेटतो, म्हणजे जास्त काम करतो, आणि बहुतेकांत उजवीकडे जास्त. 2000 मध्ये लॉरां कोहेन, स्टानिस्लास देहान वगैरेंनी साधारण तीच जागा पण डावीकडे, लिहिलेल्या शब्दांसाठी दाखवली. चेहऱ्यांचं काम थोडं डावीकडेही चालतंच, म्हणजे शेजारीच म्हणा. गंमत अशी की लिखाण आलं पाचेक हजार वर्षांपूर्वी, तेवढ्यात मेंदूत वाचनाचं वेगळं खातं तयार होणं शक्यच नाही, म्हणून वाचायला शिकताना आपण आधीच्या भाडेकरूला, म्हणजे चेहऱ्यांना, थोडं सरकवून जागा घेतो. देहानच्याच टीमने 2010 मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधले निरक्षर, मोठेपणी वाचायला शिकलेले आणि लहानपणी शिकलेले असे लोक तपासले, तर वाचन येणाऱ्यांमध्ये त्या डाव्या जागेचा चेहऱ्यांना मिळणारा प्रतिसाद जरा कमी झालेला दिसला. याचा अर्थ पुस्तकं वाचून माणसं विसरतात असा अजिबात नाही, उगाच घाबरू नका.

मग शेजारी आहेत तर एक बिघडला की दुसरा बिघडणारच ना? इथे तज्ज्ञांचंच जमत नाही. मार्लीन बेरमन आणि डेव्हिड प्लॉट म्हणतात की दोन्ही कामं बऱ्याच अंशी एकाच यंत्रणेवर चालतात. उलट कोपनहेगनच्या रँडी स्टारफेल्ट यांनी माझ्यासारखे जन्मजात चेहरा-आंधळे तपासले तर त्यांचं वाचन नॉर्मल निघालं. मला अर्थातच हे दुसरं पटतं, आमचं घरच त्याचा पुरावा आहे (दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हे कळतं मला).

आणि एक, डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरं उलटी दिसणं असं जे लोक सांगतात ना ते डोक्यातून काढा. बहुतेक मुलांची अडचण शब्दातले आवाज सुटे करण्याची असते, 'कमळ'मधून 'क' काढला तर काय उरलं हे तोंडी विचारलं तरी अडतात. ती शब्दांची जागा त्यांच्यात कमी पेटते हे खरं, पण निदान काही अंशी ते वाचन न जमल्याचा परिणाम असतो, कारण ती जागा वाचूनच तयार होते.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर दोन वेगळ्या गोष्टी समजून तपासा. डोळ्यांचा नंबर, कान आधी. मग घरच्यांचे फोटो घ्या, केस आणि कपडे कागदाने झाका, फक्त चेहरा ठेवा आणि विचारा कोण आहे. पटापट ओळखले तर तो बहुधा लोकांकडे बघतच नसेल, लाजणं, लक्ष नसणं, किंवा ऑटिझममध्ये मुलं समोरच्याच्या डोळ्यांकडे कमी बघतात तसं काही, ते डेव्हलपमेंटल पिडिएट्रिशियनला (मुलांच्या वाढ-विकासाचे डॉक्टर) विचारा. अडला तर तेही त्यांना सांगा. शाळेत सवलतीसाठी सर्टिफिकेट डिस्लेक्सियाचं लागेल, 2016 च्या दिव्यांग कायद्यात लर्निंग डिसेबिलिटी आहे, चेहऱ्यांचं त्यात काही नाही. आणि रेमेडियल (वाचनाची खास शिकवणी) मात्र आत्ताच सुरू करा, फोटोंचं काय निघतंय त्यासाठी थांबू नका.