अभिनेत्री शांता आपटे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीच्या दारात उपोषणाला बसल्या, ती प्रसिद्धीसाठीची नौटंकी होती का?

नाही. हा प्रश्न असाच विचारला जातो म्हणून राग येतो. पुरुष कामगार गेटवर बसला की तो संप, आणि बाई बसली की नौटंकी?

१९३९ साली त्या बसल्या तेव्हा प्रसिद्धीची त्यांना काय कमी होती? 'अमृतमंथन' १९३४चा, 'अमरज्योती' १९३६चा आणि १९३७च्या 'कुंकू'ने तर त्या घराघरांत पोचल्या होत्या. भांडण होतं कराराचं. त्या काळी नट-नट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. करार संपेपर्यंत बाहेर काम करायचं नाही, अशी पद्धत.

हे मला माझ्या आजीने सांगितलं, तेही नेमक्या वेळी. १९९६मध्ये मी पुण्यात एका खासगी रुग्णालयात नर्स होते. दोन वर्षांचा बाँड आणि मूळ प्रमाणपत्रं त्यांच्या कपाटात. बाँड संपून चार महिने झाले होते. सरकारी नोकरीचा कॉल आला, हजर व्हायला आठ दिवस, आणि ऑफिसातून रोज एकच उत्तर, "साहेब आले की बघू." दादा म्हणाला, "जाऊ दे ती नोकरी, दारात बसून शोभा करू नकोस." आजी पलंगावर पडून ऐकत होती. म्हणाली, "शांता आपटे बसलीच होती की प्रभातच्या दारात. तिचं काय झडलं?"

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिससमोरच्या बाकावर जाऊन बसले. उपास वगैरे नाही, नुसती बसले. येणारा-जाणारा पेशंट विचारायचा, "सिस्टर, इथे का?" मी खरं ते सांगायचे. वॉचमनकाकांनी दोनदा चहा आणून दिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला प्रमाणपत्रं हातात पडली.

पुढे 'कुंकू' पाहिला तेव्हा आजी काय म्हणत होती ते कळलं. म्हाताऱ्याशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायला साफ नकार देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. मध्येच लाँगफेलोची इंग्रजी कविता गाते. हे १९३७ साली! त्यात रडकी सोशिक सून कुठेही नाही. माझ्या मते तेवढ्या ताकदीची भूमिका त्यांना पुन्हा मिळाली नाही, आणि तो त्यांचा दोष नव्हे.

प्रभात सोडल्यावर त्या संपल्या, हेही चूक. १९४०मध्ये 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहिलं. १९४१च्या तमिळ 'सावित्री'त त्या सावित्री होत्या आणि एम. एस. सुब्बुलक्ष्मी नारद. मराठी बाई तमिळ शिकून तिकडे नायिका झाली! १९६४मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती.

प्रभातचीही बाजू असणार, हे मान्य. नाव त्यांना प्रभातनेच मिळवून दिलं. आणि माझा बाँड संपलेला होता. तुमचा चालू असेल तर आधी कागद नीट वाचा, उगाच जाऊन बसू नका.

पण मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात देऊ नका. गेल्या वर्षी भाचीला पहिली नोकरी लागली तेव्हा तिलाही हेच बजावलं. दादा समोरच होता. तो उठला आणि तिच्या प्रमाणपत्रांच्या झेरॉक्स काढून घेऊन आला.