आधी ठरव, चांदी टिकायला हवी की सुटायला

माटुंगा, मुंबई

प्रिय मुली,

पत्र आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो मिळाले. चांदीचा लेप चढवायला तू उच्च व्होल्टेजने ओढलेले पीसीएलचे (शरीरात हळूहळू विघटन होणाऱ्या प्लास्टिकचे) तंतू छान उतरलेत. फोटो काढण्याआधी लॅबमधल्या तंत्रज्ञाने नमुना नीट दिसावा म्हणून त्यावर सोन्याचा पातळ हात मारला होता का? बहुतेक मारतातच. मग त्या गुळगुळीत थरात तुझी चांदी किती, हे नुसत्या फोटोवरून सांगता येणार नाही.

थर किती जाड ठेवू, असं तू विचारलंस. त्याआधी हे ठरव की धातू तंतूवर टिकायला हवा की सुटायला हवा. भाजलेल्या जखमेच्या पट्टीतून चांदी हळूहळू सुटायलाच हवी. जंतू मरतात ते मुख्यतः ओलाव्यात उतरणाऱ्या तिच्या आयनांमुळे, आणि तेच आयन जास्त झाले की जखम भरणाऱ्या पेशीही मरतात. चेतापेशी वाढवायच्या जाळीवरचं सोनं मात्र वीज वाहून नेण्यासाठी असतं. तिथे पापुद्रा निघाला की खेळ संपला. जाडीचं गणित यानंतर.

तेव्हा कोरडा नमुना पुरे झाला. तुकडा सलाईनमध्ये 37 अंशांवर ठेव आणि सुटलेली चांदी मोज. इथे भले भले फसतात. सलाईनमधल्या क्लोराइडमुळे बरीचशी चांदी सिल्व्हर क्लोराइड होऊन तळाशी बसते. नुसतं वरचं पाणी मोजलंस तर चांदी सुटतच नाही असं वाटेल. पेशींच्या चाचणीत बिनलेपाचे तंतूही शेजारी ठेव, नाहीतर पेशी चांदीने मेल्या की तंतूत उरलेल्या क्लोरोफॉर्म या द्रावकाने, हे कळायचं नाही.

स्पटरिंग, म्हणजे निर्वातात धातूचे अणू उडवून लेप चढवणं, थांबत थांबत कर. त्यात नमुना तापतो, आणि पीसीएल 60 अंशांच्या आसपास वितळतं. शिवाय धातू समोरून येतो, खालचे तंतू सावलीत राहतात.

आणि आपला पावसाळा! तंतू ओढताना द्रावक उडून द्रावणाची धार गार पडते, हवेतली वाफ तिच्यावर जमते आणि तंतूंना छिद्रं पडतात. जुलैतले आणि डिसेंबरातले तंतू एकाच तक्त्यात घालू नकोस. वहीत रोजची आर्द्रता लिही, व्होल्टेजच्या शेजारीच.

जमलं तर गाइडना विचारून पालिकेच्या एखाद्या रुग्णालयात ड्रेसिंग बदलताना बघून ये. पट्टी काढताना नवी कातडी सोबत निघते का, हे तिथल्या सिस्टरना विचार.

तुझे सर