ज्यू शेजाऱ्यांनी दिलेला मलिदा हा कोणाचा नैवेद्य असतो?

तुम्ही विचारलंय की शेजारच्या ज्यू कुटुंबाने गोड पोहे आणि फळांचं ताट दिलं, ‘मलिदा आहे’ म्हणाले. ज्यूंमध्ये मूर्ती नाही, मग हा नैवेद्य कोणाला? ही प्रथा मूळची ज्यू की कोकणात राहून उचललेली? आणि ताट परत करताना त्यात काय ठेवावं?

मी बेने इस्राएल आहे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंपैकी. ठाण्यात वाढले, मूळ गाव अलिबागकडचं, ते आमच्या आडनावात अजून आहे. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर ही आमच्यातली आडनावं तुम्ही ऐकली असतील. मलिदा लहानपणापासून घरात पाहत आलेय.

आधी पहिला प्रश्न. मलिदा हा नैवेद्य नाही. तो कोणापुढे ठेवत नाहीत, कोणाला दाखवत नाहीत. पोहे भिजवून त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, बेदाणे, सुका मेवा घालतात. मोठ्या ताटात त्याची रास करतात, भोवती खजूर, केळी आणि हंगामातली इतर फळं, बहुधा पाच प्रकारची. सुवासासाठी गुलाब किंवा सब्जा. शक्यतो दहा मोठे पुरुष जमवतात, कारण सामुदायिक प्रार्थनेला आमच्यात दहांचा जमाव लागतो. मग एलियाहू हन्नबी म्हणजे संदेष्टा एलियाहू, त्याचं हिब्रू गीत सगळे मिळून म्हणतात आणि एकेक वस्तू हातात घेऊन त्या वस्तूची बराखा म्हणजे आशीर्वचन म्हणतात. आभार देवाचे, ज्याने ही वस्तू निर्माण केली त्याचे. आणि मग सगळ्यांनी खायचं.

या आशीर्वचनांत आमचं सगळं शास्त्र आहे. झाडावरच्या फळाचं वचन वेगळं, जमिनीतून उगवणाऱ्याचं वेगळं, धान्याच्या पदार्थाचं वेगळं, सुवासाचं वेगळं. खजुराला झाडाच्या फळाचं वचन लागतं. केळ्याला मात्र जमिनीच्या पिकाचं, कारण केळीला खोड म्हणून लाकूड नसतं, घड उतरला की ती संपते. हा भेद शेकडो वर्षांपूर्वीच्या यहुदी धर्मपंडितांनी केलेला. माझी आजी ताट लावताना केळी आणि खजूर वेगवेगळे ठेवायची. मला कारण फार उशिरा कळलं आणि तेव्हा तिच्याबद्दल जो आदर वाटला तो आजही तसाच आहे.

एलियाहू हा यहुदी संदेष्टा. पवित्र शास्त्रातल्या राजांच्या ग्रंथात त्याची कथा आहे. त्याला मरण आलं नाही, तो अग्निरथातून स्वर्गात गेला. म्हणून जगभरचे ज्यू त्याची वाट पाहतात. मुलाच्या सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात, पेसाखच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री त्याच्या नावाचा पेला भरतात. आम्ही त्याला देव मानत नाही. मशीहाच्या म्हणजे येणाऱ्या तारणहाराच्या आगमनाची वर्दी घेऊन तो येईल, असा विश्वास आहे.

पण त्याच्यावर इतकी माया आमच्याइतकी दुसऱ्या कुठल्या ज्यूंची क्वचितच असेल. आमच्यातली कथा अशी, की फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या. बुडालेल्यांना नवगावला पुरलं, ती जागा आजही आम्ही मानतो. किनाऱ्यावर निपचित पडलेल्या त्या लोकांना एलियाहूने येऊन शुद्धीवर आणलं. आणि अलिबागजवळच्या खंडाळे गावात एका खडकावर त्याच्या रथाच्या चाकाच्या आणि घोड्याच्या टापांच्या खुणा दाखवतात. तिथून तो वर गेला, असं आम्ही मानतो. इस्राएलमधून आलेली आमची माणसं तिथे आवर्जून जातात, मलिदा करतात, नवस फेडतात. आम्हीही माझ्या भावाच्या नोकरीसाठी बोललेला नवस तिथेच फेडला.

मलिद्याचा मुख्य दिवस तू बिश्वात, म्हणजे शेवात महिन्याची पंधरावी तिथी, झाडांचं नवं वर्ष. आमचे महिने चंद्राचे, म्हणून ती पौर्णिमेच्या आसपासच येते, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. इस्राएलमध्ये तेव्हा बदाम फुलतो, कोकणात आंबा मोहरलेला असतो. आमचे जुने लोक या दिवसाला एलियाहू हन्नबीचा उरूस म्हणत. शिवाय लग्न, सुंता, नवं घर, परीक्षेतलं यश, आजारातून उठणं, कुठल्याही शुभ प्रसंगी मलिदा होतो.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उरूस, मलिदा हे शब्द मुसलमान शेजाऱ्यांकडून आले हे उघड आहे. आमचे धर्मप्रमुख काझी म्हणवत, उपासाला रोजा म्हणत, सिनेगॉगला म्हणजे आमच्या प्रार्थनास्थळाला आजही वडीलधारे मशीदच म्हणतात. पोहे आणि नारळ तर कोकणाचेच. तरी ‘उचललेली प्रथा’ हा शब्द मला दुखतो. कित्येक पिढ्या आमच्या लोकांकडे हिब्रू पुस्तक नव्हतं. ‘शेमा इस्राएल’ ही देव एकच असल्याची ग्वाही देणारी एवढी एकच प्रार्थना तोंडी उरली होती. सुंता, शनिवारची विश्रांती आणि खाण्याचे नियम, एवढं मात्र सोडलं नाही. तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत म्हणून गावोगाव ‘शनिवार तेली’ नाव पडलं. पुढे दाविद राहाबी नावाचा बाहेरचा ज्यू आला, तेव्हा त्याने बायकांना मासे साफ करायला दिले आणि त्यांनी पर व खवले नसलेले, म्हणजे ज्यूंना न चालणारे, मासे बाजूला काढले, त्यावरून त्याने त्यांना ज्यू म्हणून ओळखलं, अशी आठवण आमच्यात सांगतात.

सणांची नावं पाहा. रोश हशानाला, म्हणजे ज्यू नववर्षाला, आम्ही ‘नव्याचा सण’ म्हणायचो. योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, हा ‘दारफाळणीचा सण’. आदल्या संध्याकाळपासून दारं लावून, पांढरे कपडे घालून, अन्नपाणी न घेता आत राहायचं. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, तेव्हा भेटीगाठी आणि दानधर्म. पेसाखला ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत, कारण आंबवलेल्या पदार्थाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचं. येरुशलेमचं मंदिर पाडलं गेलं त्या शोकदिवसाचं नाव ‘बिरड्याचा सण’. शोकात कडधान्य खायची ज्यूंची रीत फार जुनी आहे, इथे ते वालाचं बिरडं झालं. हनुक्का हा दिव्यांचा सण मात्र आमच्या जुन्या सणांत नव्हता. ज्या घटनेवरून तो सुरू झाला ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली. आमचे पूर्वज त्याआधीच निघाले असावेत, असं त्यावरून काहीजण मानतात. मला तो पुरावा अपुरा वाटतो, सण विसरलाही जाऊ शकतो.

अक्षरं हातात नव्हती तेव्हा आमच्या बायकांनी धर्म चुलीपाशी आणि ताटात सांभाळला. नंतर पुस्तकं आली, 1846 मध्ये मुंबईत पेसाखचा हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायचं पुस्तक, मराठी भाषांतरासह छापला गेला. पण ताट सोडलं नाही. आज इस्राएलमधल्या लोद आणि दिमोना इथल्या मराठी घरांतही मलिदा होतो. म्हणून माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. मलिदा पूर्ण ज्यू आहे, आणि तो कोकणाबाहेर जन्माला आला नसता.

ताटाबद्दल. रिकामं द्यायचं नाही ही आपल्या सगळ्यांचीच रीत, तुम्ही विचारलंत हे फार आवडलं. शिजवलेलं काही देऊ नका, आमच्या घरोघरी कोशेरचे, म्हणजे धर्माप्रमाणे काय खावं याचे, नियम कमी-जास्त कडक असतात आणि त्यांना नाही म्हणणं जड जाईल. मटणाच्या जेवणानंतर दुधाचं चालत नाही, म्हणून पेढेही नकोत. अख्खी फळं द्या, नारळ असेल तर उत्तमच. आणि शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागायच्या आधी गेलात तर दारात ‘शब्बाथ शालोम’ म्हणा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या शुभेच्छा.